ऑक्सिजन कुठे बसलाय, सगळा खेळ त्याचा

नमस्कार मंडळी. घरात नेलपेंट रिमूव्हरची बाटली असेलच. झाकण उघडलं की तो गोडसर उग्र वास येतो ना, तो बहुतेक वेळा ॲसिटोनचा, आणि थेंबभर हातावर घेतलात तर गार लागतं आणि बघता बघता उडून जातं, कारण ॲसिटोन ५६ डिग्रीलाच उकळतं.

आज या ॲसिटोनच्या खानदानाबद्दल बोलू, म्हणजे कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन लागलेली संयुगं. ऑक्सिजन कुठे आणि कसा लागलाय, परत सांगते, कुठे आणि कसा, यावर सगळं ठरतं. कार्बनला ओएच, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची जोडी, लागला की अल्कोहोल. साखळीच्या मधल्या कार्बनला डबल बाँडने, म्हणजे दुहेरी बंधाने, ऑक्सिजन लागला की कीटोन, तेच आपलं ॲसिटोन. तोच डबल बाँड टोकाला गेला की अल्डिहाइड. टोकाच्या एकाच कार्बनवर डबल बाँडचा ऑक्सिजन आणि ओएच दोन्ही आले की ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं ते. ॲसिड आणि अल्कोहोल जुळून पाणी बाहेर पडलं की एस्टर, पिकल्या केळ्याचा घमघमाट त्याचाच. आता दादर-अंधेरीच्या क्लासमधली पोरं हा सगळा तक्ता झोपेतही म्हणून दाखवतील, पण त्यातल्या कितीजणांनी एस्टर बनवून त्याचा वास घेतलाय? प्रॅक्टिकलचे तास कापून तिथे एमसीक्यू सोडवून घेणं मला अजिबात पटत नाही, केमिस्ट्री नाकानेही शिकायची असते.

बरं, ॲसिटोनवर येऊ, त्याची गोष्ट मला फार आवडते. पहिलं महायुद्ध. ब्रिटिश तोफांना लागायची कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू, आणि ती मळायला ॲसिटोन लागायचं. तेव्हा ॲसिटोन मिळायचं लाकूड बंद भट्टीत तापवून, ढीगभर लाकडातून जेमतेम थोडंसं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतून यायचं. युद्धात तेवढ्याने काय होणार! तर मँचेस्टरला खाइम वाइझमन म्हणून केमिस्ट होते, त्यांना एक बॅक्टेरिया सापडला होता जो मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून ॲसिटोन आणि ब्युटेनॉल नावाचं अल्कोहोल बनवायचा. नौदलाचा कारभार तेव्हा चर्चिलकडे, त्यांनी वाइझमनकडे मागितलं ३०,००० टन! मग लंडनच्या एका जिनच्या डिस्टिलरीत ट्रायल घेतली, आणि ते जमलं.

पण पुढे जर्मन पाणबुड्यांमुळे धान्य आणणं अवघड झालं, आणि लोकांच्या तोंडचं धान्य तोफांना घालायचं कसं? म्हणून १९१७ च्या शरदात सरकारने शाळकरी पोरांना कामाला लावलं, हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बिया गोळा करा म्हणून. या बिया माणूस खात नाही, पण आपल्याकडे पोरं चिंचोके जमवतात तशी तिकडची पोरं त्या खेळायला जमवतात. त्यात स्टार्च असतो ना! पोरांनी पोतीच्या पोती भरली, रेल्वे स्टेशनांवर ढीग लागले, पण कशासाठी ते त्यांना सांगितलंच नव्हतं. परत सांगते, सांगितलंच नव्हतं, कारण शत्रूला कळलं असतं तर त्यानेही तेच केलं असतं. गाड्या पुरल्या नाहीत, कितीतरी ढीग स्टेशनांवरच कुजले. जे इंग्लंडमधल्या किंग्स लिनच्या कारखान्यात पोचलं त्यातून ॲसिटोन फारसं निघेना, आणि १९१८ च्या जुलैत ते काम बंदच पडलं. वाइझमन मात्र पुढे १९४९ मध्ये इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आज बहुतेक ॲसिटोन पेट्रोलियमपासून येतं, बेंझिन आणि प्रोपीनपासून क्युमीन नावाचं संयुग बनवतात, मग त्यातून फिनॉल आणि ॲसिटोन दोन्ही एकदम निघतात. आणि हो, ती रिमूव्हरची बाटली गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरात निरांजन चालू असताना अजिबात उघडू नका. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, खाली पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीनेही पेट घेते. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की झाकण घट्ट लावा.