आधी सिनेमा, मग नाटक

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयापुढे उद्गारचिन्ह छापलंय. ते माझं नाही. मी हे अगदी शांतपणे म्हणतो. वर्षानुवर्षं म्हणत आलोय, घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून आज तुमच्याकडे आलो.

म्हणणं एवढंच आहे. सुट्टीचा सबंध दिवस हाताशी असेल तर सिनेमा आणि नाटक दोन्ही एकाच दिवशी बघावं आणि याच क्रमानं बघावं. दुपारी बाराचा सिनेमा, संध्याकाळी साडेपाचचा प्रयोग. उलट करू नये. का करू नये, ते सांगायला मला चाळीस मिनिटं दिलीत. वेळ भरपूर आहे. त्यामुळे आधी थोडं सुट्टीबद्दल बोलू.

आपण रविवार गृहीत धरतो. पण गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली 10 जून 1890 ला, आणि त्यासाठी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांना काही वर्षं झगडावं लागलं. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता. देव मदतीला येतो तो असा. त्यानंतर सहाच वर्षांनी, 7 जुलै 1896 ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. म्हणजे आपल्याकडे रविवार आधी आला आणि सिनेमा नंतर. पण तिकीट होतं एक रुपया. गिरणीतला माणूस कुठून जाणार? मग आठवड्याभरात ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे चार आण्यांचंही तिकीट निघालं. आणि मंडळी, नॉव्हेल्टी हे नाटकाचं थिएटर होतं. सिनेमा या शहरात स्थिरावला तो नाटकाच्या घरी.

पुढे ऐका. 1912 साली मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरला लागलेला दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ म्हणजे चक्क नाटकाचं केलेलं चित्रण. 3 मे 1913 ला त्याच कॉरोनेशनला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच तिकिटात मिस आयरीन डेल्मारचा नाच होता, विनोदी नकला होत्या, पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू होता. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि पायांवर वस्तू नाचवणारा साहेब, एकाच बैठकीत! (हशा) आपले आजोबा-पणजोबा हे सगळं पचवत होते आणि आपण म्हणतो, एका दिवसात दोन गोष्टी डोक्यात मावत नाहीत.

सुरतेचा किस्सा तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो. तिथे पहिल्या दिवशी फाळक्यांचा गल्ला तीन रुपये. थिएटरवाला म्हणाला, अहो, इथले लोक दोन आण्यांत सहा तास नाटक बघतात, तुमच्या दीड तासाला तीन आणे कोण देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! आणि गर्दी लोटली. तासांत हरलेला माणूस मैलांत जिंकला.

असो. मुद्द्यावर येतो. पण मुद्द्याच्या आधी आमचा मामा येतो, त्याला काही इलाज नाही.

मामा भोसरीला कारखान्यात लेथवर होता. तुमच्यापैकी पिंपरी-चिंचवडकडचे कोण आहेत? हां, म्हणजे तुम्हाला कळलंच. तिकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून वार वाटून दिलेले. लोखंड्यांनी झगडून मिळवलेला रविवार मामाच्या वाट्याला आलाच नाही. सिनेमे बदलायचे शुक्रवारी. म्हणजे गुरुवार हा सिनेमाचा शेवटचा दिवस. परिणाम असा की मामानं आयुष्यभर बहुतेक सिनेमे त्यांच्या शेवटच्या दिवशी पाहिले. गावात चर्चा होऊन गेलेली, गाणी पानाच्या टपरीवर वाजून वाजून झिजलेली, थिएटरात पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपलेली. डोअरकीपर ओळखीचा झाला होता. तिकीट फाडता फाडता सांगायचा, “काका, चौथ्या रिळात गाणं उडालंय, नंतर भांडू नका.” मामा खेळ संपवून बाहेर यायचा तेव्हा बांबूवर चढून पोरं नव्या सिनेमाचं पोस्टर लावत असायची. ज्या सिनेमातून हा आत्ता बाहेर पडला, त्यातली नायिका खाली फुटपाथवर गुंडाळून ठेवलेली.

आम्ही पोरं चिडवायचो. मामा म्हणायचा, सिनेमाला काय फरक पडतो? तो शुक्रवारी जे करतो तेच गुरुवारी करतो. मला तेव्हा हे वैतागलेल्या माणसाचं बोलणं वाटायचं.

नाटक मात्र गुरुवारी कुठलं मिळायला? नाटकवाल्यांचा सगळा जीव शनिवार-रविवारवर. त्यामुळे रविवारी पहिली पाळी करायची, हाताचं ऑइल घासून काढायचं, बस बदलत बदलत बालगंधर्व गाठायचं आणि रात्री साडेनऊचा प्रयोग बघायचा. सोमवारी पुन्हा पहिली पाळी. मामी म्हणायची, हा नाटकाला झोपायला जातो. ते खोटं आहे असं मी शपथेवर सांगणार नाही.

अशाच एका रविवारी, उपनगरातल्या एका नाट्यगृहात, ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली. जनरेटर काही सुरू होईना. मामाच्या सांगण्याप्रमाणे काय झालं, तर अंधारात मुख्य नट दोन पावलं पुढे आला, रंगमंचाच्या कडेला बसला आणि त्याच भूमिकेत, त्याच आवाजात म्हणाला, “वीजबिल तूच भरणार होतास ना रे?” समोरच्या नटानं लगेच उत्तर दिलं. प्रवेश बाप-लेकाच्या भांडणाचा होता, तो तसाच पुढे गेला. चारशे माणसं अंधारात बसून होती. उठलं कुणी नाही. दिवे आले तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्यांसाठीही नट थांबला, मग पुढचं वाक्य घेतलं. मामा ही गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नात सांगायचा. पहिल्या लग्नात अंधार दहा मिनिटांचा होता, माझ्या लग्नापर्यंत अर्ध्या तासावर गेला होता. (हशा) पण त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं: “वीज गेली की सिनेमा बंद पडतो. नाटक नुसतं दिसायचं थांबतं.”

आता जाता जाता एक तक्रार. टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा आला की एंट्रीलाच टाळ्या वाजवता ना, त्यात त्याचं पहिलं वाक्य बुडतं. लेखकानं पुष्कळदा त्या पहिल्या वाक्यातच नातं सांगितलेलं असतं. मग शेजारच्या बाई विचारतात, “हा तिचा दीर का?” सगळा अंक त्यात जातो. आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल माझी स्वतंत्र मतं आहेत, पण...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. अरेच्चा. बरं. (अध्यक्षांना) सात करा.

तर विषय. क्रम का महत्त्वाचा? भराभर सांगतो.

सिनेमात आपण कुठे बघायचं ते दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. अश्रू दाखवायचा तर अश्रूच दाखवतात, बाकी खोली गायब. नाटकात सगळी खोली समोर असते. बोलणाऱ्याकडे बघायचं की कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या सुनेकडे, हे तुम्ही ठरवता. दुपारभर डोळ्यांना वाट दाखवली गेली की संध्याकाळी ते मोकळे सुटतात आणि त्या मोकळेपणाची मजा कळते. उलट केलंत, नाटकावरून उठून सिनेमाला गेलात, तर दर मिनिटाला कुणीतरी मान धरून फिरवतंय असं वाटतं. मी करून पाहिलंय.

दुसरं, हसणं. नाटकातला नट आपल्या हसण्यासाठी थांबतो. त्याला लाफ्टर घेणं म्हणतात आणि किती घ्यायचा हे रोज नव्यानं ठरतं. सिनेमा थांबत नाही. नाटकानंतर सिनेमा बघितला की आपण हसतो, पुढचं वाक्य त्यात जातं आणि नट आपल्याकडे ढुंकून बघत नाही. उगीच अपमान झाल्यासारखं होतं.

तिसरं, मामाचंच. सिनेमा उद्याही हाच असेल, गुरुवारीही हाच असेल. आजचा प्रयोग उद्या असाच होणार नाही. दिवस संपवायचा तर त्यावर संपवावा.

एक आक्षेप रास्त आहे, तो मान्य करतो. मल्टिप्लेक्सचा आवाज इतका मोठा असतो की लगेच नाटकाला गेलात तर पहिली दहा मिनिटं नट पुटपुटतायत असं वाटतं. म्हणून मध्ये दोन-अडीच तास पाहिजेत. बाराचा सिनेमा तीनच्या आत-बाहेर सुटतो. चहा घ्या, नदीकाठी बसा, कुणाशी बोलू नका. साडेपाचला कान तयार होतात. साडेनऊचा प्रयोग घेऊ नका, मामीचं म्हणणं आठवा.

पैशांचं बोलायचं राहिलं. दोन तिकिटं, चौघांचं कुटुंब, खर्च होतो हे खरं. त्यावर उपाय असा की सिनेमा सकाळचा स्वस्तातला बघायचा आणि वाचलेले पैसे नाटकाच्या पुढच्या रांगेसाठी वापरायचे. पण मग मधलं अंतर सहा तासांचं होतं आणि घरी जाऊन जेवलात तर तुम्ही परत निघत नाही. यावर माझ्याकडे तोडगा आहे, तो दोन मिनिटांत होणार नाही.

प्रश्न घ्या म्हणतायत. मागून विचारताय, साडेबाराचा प्रयोग बघून मग संध्याकाळी सिनेमा चालेल का?

नाही. पुढचा प्रश्न.