रानातले ट्युलिप घरच्या बागेत: उन्हाळ्यात कंद कोरडा ठेवा

नमस्कार. आज ट्युलिपविषयी बोलायचे आहे. मात्र फुलवाल्याकडे मिळणाऱ्या उंच देठाच्या संकरित ट्युलिपविषयी नव्हे, तर तुर्कस्तान आणि इराणपासून मध्य आशियातील तिएन शान पर्वतापर्यंत खडकाळ उतारांवर आपोआप उगवणाऱ्या मूळ जातींविषयी. हा भाग मुख्यतः युरोपात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात बाग करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. पुण्या-नाशिकच्या प्रेक्षकांसाठी शेवटी थोडे सांगेन.

संकरित ट्युलिप पहिल्या वसंतात डौलाने फुलतो, पुढच्या वर्षी त्याची फुले लहान होतात आणि त्यानंतर बहुधा नुसती पानेच येतात. मूळ जातींपैकी बऱ्याच मात्र एकदा लावल्या की वर्षानुवर्षे फुलतात व हळूहळू पसरतात. त्यासाठी थंडी लागतेच; पण थंडीइतकाच महत्त्वाचा असतो तो कोरडा उन्हाळा. या जातींच्या मूळ डोंगरांवर हिवाळा कडक, वसंत ओला व आखूड आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा असतो. पाने सुकली की कंद सुप्तावस्थेत जातो आणि त्याच काळात त्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी घडत असते. तेव्हा माती ओली राहिली, तर कंद कुजतो. ट्युलिप दगावला की लोक थंडीला दोष देतात. माझ्या मते पुष्कळदा दोष जुलै-ऑगस्टमध्ये वाफ्याला दिलेल्या पाण्याचा असतो.

म्हणून जागा निवडताना भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. चिकणमाती असेल, तर तीत बारीक खडी सढळ हाताने मिसळावी, किंवा सरळ उंच वाफा अथवा कुंडी वापरावी. कुंडीची सोय अशी, की उन्हाळ्यात ती उचलून छपराखाली ठेवता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद टोक वर करून 10 ते 15 सेंटिमीटर खोल लावावेत. कंद लसणाच्या मोठ्या पाकळीएवढे असल्याने एकेकटे लावलेले नजरेत भरत नाहीत. दहा-बारांचा पुंजका करावा. खारींचा उपद्रव असेल, तर वर तारेची जाळी अंथरावी. फुले गेल्यावर पाने कितीही केविलवाणी दिसली तरी पूर्ण सुकेपर्यंत कापू नयेत, कारण पुढचा कंद त्या पानांवरच पोसला जातो.

सुरुवातीसाठी मी तुलिपा टार्डा सुचवीन. तो जेमतेम वीतभर उंच असतो आणि त्याच्या पिवळ्या पाकळ्यांना पांढरी टोके असतात. ढगाळ हवेत त्याचे फूल मिटते, म्हणून त्याला सावलीत लावणे व्यर्थ आहे. हिवाळा सौम्य असेल, तर क्रीट बेटावरचा जांभळट गुलाबी तुलिपा साक्साटिलिस किंवा तुलिपा क्लुसियाना घ्यावा. क्लुसियानाच्या पाकळ्या आतून पांढऱ्या असतात आणि बाहेरून त्यांवर लाल पट्टे असतात. ज्यांनी 1593 मध्ये लायडनच्या वनस्पती उद्यानात काम सुरू करून तिथे ट्युलिप रुजवले, त्या क्लुसियस यांच्या नावावरून या जातीचे नाव पडले आहे. सुवासिक, पिवळा तुलिपा सिल्व्हेस्ट्रिस मात्र जमिनीखालून धुमारे सोडत पसरतो आणि कधी कधी फुलांऐवजी पानेच देत बसतो. मोकळी जागा असेल तरच तो लावावा. सर्वांत उशिरा फुलणारा लाल तुलिपा स्प्रेंगेरी हा उत्तर तुर्कस्तानातल्या आपल्या मूळ रानातून नाहीसा झाला असून तो आता बागांमध्येच टिकून आहे. तो बियांपासून सहज येतो, पण पहिल्या फुलासाठी काही वर्षे थांबावे लागते. कंद घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेले आहेत याची खात्री करून घ्यावी, रानातून उपटलेले घेऊ नयेत.

आता महाराष्ट्राविषयी. शीतकपाटात दहा-बारा आठवडे ठेवलेले कंद डिसेंबरमध्ये कुंडीत लावून फुलवता येतात. फक्त त्यांच्याशेजारी सफरचंदे ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते. परंतु त्यानंतर लगेच ऊन तापत असल्याने नवा कंद पोसला जात नाही, आणि ज्या महिन्यांत त्याला कोरडी झोप हवी, नेमके तेव्हाच आपल्याकडे मृगाचे पाणी सुरू होते. त्यामुळे इथे ट्युलिप हे एका हंगामाचे फूल समजावे. दरवर्षी आपोआप परत येणारा कंदच हवा असेल, तर कोरड्या महिन्यांत झोपणारी आणि पावसाबरोबर वर येणारी रानहळद कुंडीत लावावी.