दहा मीटरचे अंगण

[दृश्य : येळ्ळूर, मार्गशीर्षातली सकाळ. धुक्यातून दिसणारा राजहंसगड. अंगणात चुन्याच्या दोन रेघा.]

बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या येळ्ळूर गावातले हे अंगण शेणाने सारवलेले आहे आणि त्यावर चुन्याने ओढलेल्या या दोन रेघांमधले अंतर बरोबर दहा मीटर आहे. दरवर्षी या दिवसांत येथे बासमती भाताची मळणी चालते. यंदा ती शेजाऱ्यांच्या खळ्यावर हलवावी लागली, कारण गेले तीन महिने हे अंगण एका माणसाच्या चालण्यासाठी राखून ठेवलेले आहे.

[दृश्य : काका खुर्चीत बसलेले. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली.]

काकांचे वय 62 आहे. ज्येष्ठ महिन्यात, पेरणीची धांदल चालू असताना, त्यांच्या अंगावरून वारे गेले. सीमाभागात या आजाराला असेच म्हणतात. कोणी लकवा म्हणतो, कागदोपत्री तो पक्षाघात असतो. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली आणि तो भाग शरीराची उजवी बाजू चालवत असल्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय जागच्या जागी थांबले. अशी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. इस्पितळ गाठेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. त्या दिवसाचे चित्रण आमच्याकडे नाही. आमचा कॅमेरा या घरात आला तो आषाढात, काका घरी परतल्यानंतर.

[दृश्य : सोपा, बाहेर मुसळधार पाऊस. खाटेवर कुशीवर वळण्याचा प्रयत्न.]

मेंदूतल्या मेलेल्या पेशी व्यायामाने जिवंत होत नाहीत. होते ते असे, की त्या जागेच्या आसपासच्या शाबूत पेशी बंद पडलेले काम हळूहळू आपल्याकडे घेऊ लागतात आणि त्यांच्यामध्ये नवे जोड तयार होतात. मात्र हे जोड नुसत्या विश्रांतीने, तेलाच्या मालिशीने किंवा गावातल्या जाणत्यांनी सुचवलेल्या पारव्याच्या रक्ताने तयार होत नाहीत. तीच हालचाल, शक्यतो रोजच्या उपयोगाची, पुन्हा पुन्हा करावी लागते आणि ती रुग्णाने स्वतः करावी लागते. दुसऱ्याने पाय उचलून वर-खाली केला तर सांधा मोकळा राहतो, परंतु मेंदूच्या शिकण्यात त्याची भर फारशी पडत नाही.

काकांचा पहिला धडा कुशीवर वळण्याचा होता. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफायची, डाव्या हाताने उजवा हात सोबत न्यायचा, गुडघा उभा करायचा आणि खांद्यापाठोपाठ कंबर वळवायची. दुसरा धडा उताणे झोपून, दोन्ही तळपाय गादीवर टेकवून कंबर उचलण्याचा. हे दिसायला किरकोळ वाटते, परंतु उभे राहताना शरीराचा भार पेलण्याची तयारी येथूनच सुरू होते.

[दृश्य : फिजिओथेरपिस्ट ताई आढ्याला बांधलेली दोरी सोडवत आहेत.]

आठवड्यातून एकदा शहरातून येणाऱ्या या फिजिओथेरपिस्ट ताईंची मातृभाषा कन्नड आहे. त्यांनी या घरात आल्यावर पहिले काम केले ते आढ्याला टांगलेली ही कप्पी उतरवण्याचे. कोणीतरी आपुलकीने ती बांधून दिली होती, जेणेकरून काकांना डाव्या हाताने दोरी ओढून उजवा हात डोक्याच्या वर नेता यावा. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांधा आपल्या खोबणीतून खाली घसरू पाहतो. अशा वेळी हात हिसक्याने वर गेला तर खांदा दुखावतो आणि दुखरा खांदा पुढचे कित्येक महिने सगळाच व्यायाम अडवून धरतो. त्याच कारणाने रुग्णाला दंडाला किंवा काखेत धरून ओढत उठवायचे नसते. घरातल्या तिघांना हे शिकवायला ताईंना एक अख्खी सकाळ लागली. हा प्रसंग आम्ही मुद्दाम लांबवून दाखवत आहोत, कारण आम्ही चित्रीकरणासाठी हिंडलो त्या जवळजवळ प्रत्येक घरात कप्पी नाही तर मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू सापडला. या हाताला मूठ मिटायला शिकवण्याची गरज नसते, ती आपणहून आवळली जाते. शिकवायचे असते ते उघडायला.

[दृश्य : खुर्चीतून उठणे-बसणे. जवळून पावले, मग चेहरा.]

पाय मागे घ्यायचे, पुढे झुकायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईपर्यंत झुकायचे आणि मग उठायचे. काका सुरुवातीला सगळा भार डाव्या पायावर टाकत असत. तो पाय थोडा पुढे ठेवायला सांगितल्यावर उजव्या पायाला काम करावेच लागले. ताई कन्नडमध्ये मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु", आणि काका त्यांच्या मागून मराठीत मोजतात. काका घाईने उठू लागले की ताई त्यांना थांबवतात, "बसा की ओ काका, घाई कशाला?" भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा या मोजणीच्या आहेत.

मोजणीला एवढे महत्त्व का, हे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी फिजिओथेरपीच्या सत्रांत बसून रुग्णांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा दुबळ्या हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी फक्त 32 भरल्या. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांतून मेंदूतले नवे जोड दिसून आले, त्यांत मात्र दिवसाला 400 ते 600 वेळा हालचाल करून घेतलेली असते. बत्तीस आणि चारशे यांमधली ही दरी इस्पितळातल्या अर्ध्या-पाऊण तासात भरून निघणारी नाही. ती भरायची असेल तर व्यायाम सोप्यात, अंगणात आणि स्वयंपाकघरात आला पाहिजे.

[दृश्य : सुपात मसूर. काकांची बोटे खडा शोधत आहेत.]

भात काढल्यावर त्याच रानात मसूर पेरायचा, ही येळ्ळूर, वडगाव, शहापूर भागातली जुनी रीत आहे. मागच्या वर्षीचा मसूर काकूंनी सुपात घेऊन काकांपुढे ठेवला तो खरे तर निवडायला माणूस हवा म्हणून. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत खडा धरणे ही हाताच्या परतीच्या वाटेवरची फार उशिरा येणारी पायरी आहे: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे, असाच क्रम बहुधा दिसतो. पहिल्या दिवशी काकांना एकही खडा उचलता आला नाही. या दृश्यात त्यांनी अकरा खडे वेचले आहेत, आणि थोडा मसूरही सांडला आहे.

[चाळीस सेकंद निवेदन नाही. सुपाचा आवाज.]

[दृश्य : शहरातील फिजिओथेरपी विभाग. समांतर दांड्यांमधून चालणारे रुग्ण. टेबलावर उभा आरसा.]

आठवड्यातून दोनदा काका आणि काकू बसने शहरात येतात. 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट पडत नाही, त्यामुळे येण्याजाण्याचा खर्च एकाचाच होतो. उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण प्रवासाला कंटाळून सोडतात, म्हणून ही बाब लहान नाही. या टेबलावरच्या आरशामागे काकांचा उजवा हात लपवलेला आहे. ते डावा हात उघडतात-मिटतात आणि आरशात पाहताना उजवाच हात हलतो आहे असे डोळ्यांना वाटते. ही युक्ती व्ही. एस. रामचंद्रन यांनी मुळात हात कापलेल्या आणि तरीही त्या नसलेल्या हातात वेदना जाणवणाऱ्या रुग्णांसाठी काढली होती. पक्षाघातावरचा तिचा पहिला छोटा प्रयोग 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एक साधा आरसा आणि शांत खोली एवढ्यात हे होते.

[दृश्य : निपाणी. एका घराचा ओटा. तेंदूच्या पानांचे पुडके.]

निपाणीच्या या विडी कामगार बाईंचा डावा हात आठ महिन्यांपूर्वी गेला. तो थोडाफार हलत होता, पण त्या वापरत नव्हत्या, कारण उजव्या हाताने सगळे भागत होते. न वापरल्यामुळे हात आणखी दुबळा होतो आणि दुबळा म्हणून तो आणखी वापरला जात नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रथम माकडांमध्ये पाहिली: चांगला हात बांधून ठेवला की माकड निकामी समजला गेलेला हात वापरू लागे. त्यावरून निघालेल्या उपचाराची अमेरिकेत 222 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2006 साली आले आणि ते अनुकूल होते. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगला हात जाड हातमोज्यात अडकवून ठेवायचा आणि दिवसाचे काही तास दुबळ्या हाताने कामे करायची, असे त्याचे स्वरूप आहे. ज्यांच्या मनगटाची आणि बोटांची थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यांच्यासाठीच तो आहे.

बाईंच्या उजव्या हाताला जुन्या गोधडीच्या तुकड्याची पिशवी बांधली आहे आणि डाव्या हाताने त्या तेंदूची पाने एकावर एक रचत आहेत. सुपात जर्दा नाही, नुसती पानेच आहेत. तंबाखू आणि उच्च रक्तदाब ही या आजाराची मोठी कारणे आहेत आणि निपाणीत बसून त्याविषयी न बोलणे बरोबर नाही, परंतु तो विषय स्वतंत्र चित्रफितीचा आहे.

[दृश्य : पुन्हा येळ्ळूरचे अंगण. ताईंच्या हातात स्टॉपवॉच.]

आता या दोन रेघांकडे येऊ. पाऊस ओसरल्यावर, गौरी-गणपतीच्या दिवसांत, काका प्रथम या अंगणात चालले तेव्हा त्यांना दहा मीटरला 41 सेकंद लागले. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता आणि पाऊल खाली लोंबत होते, म्हणून विळा फिरवावा तसा तो पाय बाहेरून फिरून पुढे येत होता. पावलासाठी त्यांना प्लॅस्टिकची पट्टी दिली गेली, काठी डाव्या हातात दिली गेली आणि उंबऱ्यावर एकच नियम पाठ करून घेतला गेला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा माणूस बहुधा घरापुरताच चालता राहतो, आणि 0.8 मीटरच्या पुढे गेलेला बाजारात, देवळात, रस्त्यावर मोकळेपणाने वावरू शकतो, असा एक ढोबळ मापदंड आहे. या अंगणाच्या हिशेबात हे 25 सेकंद आणि साडेबारा सेकंद होतात. काकांना आज 19 सेकंद लागले. सुधारणेचा सर्वांत मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि सहा महिन्यांनंतर तिचा वेग मंदावतो हे खरे, पण ती थांबते असे समजून व्यायाम सोडणे ही चूक आहे.

भारतातल्या 14 इस्पितळांतील 1250 रुग्णांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी करवून घेतलेल्या व्यायामाने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की घरच्यांवर सोपवून मोकळे होणे पुरेसे नाही. ताईंसारखे कोणी तरी दर आठवड्याला उंबऱ्यात उभे राहायला हवे, आणि ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायला हवे.

या वर्षी शेत वाट्याने दिले आहे, बैलजोडी विकली आहे आणि धाकटा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला आहे.

[दृश्य : बसथांबा. लाल बस. पायरीचे जवळून चित्रण.]

बसची पहिली पायरी घराच्या उंबऱ्यापेक्षा पुष्कळ उंच असते. इतके दिवस मुलगा काकांना मागून उचलून घेत असे. आज तो थांब्याच्या झाडाखाली उभा आहे आणि त्याने हात खिशात घातले आहेत. काकांनी काठी काकूंच्या हातात दिली, डाव्या हाताने दांडा धरला, डावा पाय वर ठेवला. उजवा पाय पायरीच्या कडेला एकदा अडकला. वाहक काही बोलला नाही. दुसऱ्या खेपेला पाय वर आला.

[संवाद नाही. बसच्या इंजिनाचा आवाज.]

आत गर्दी होती. पुढच्या बाकावरचा एक शाळकरी मुलगा उठून उभा राहिला. कॅमेऱ्याला जागा नव्हती, त्यामुळे शहरात उतरताना दुबळा पाय आधी गेला की नाही, हे आम्हाला संध्याकाळी काकूंकडून कळले. गेला होता.