सैल सोडणं

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या चादरीवर एक हात. कॅमेरा अगदी जवळ.)

निवेदन :

हा माणूस विश्रांती घेतोय. निदान त्याला तरी तसं वाटतंय. तो आडवा झालाय, डोळे मिटलेत, खोलीत आवाज नाही. पण त्याच्या हाताकडे नीट बघा. अंगठा आत दुमडलेला आहे. मनगट चादरीपासून जरासं वर उचललेलं आहे. बोटांच्या पेरांवरची कातडी ताणलेली आहे. दिवसाचं काम संपून दोन तास झाले, तरी हा हात अजून काहीतरी धरून बसलाय.

भीती वाटली की आपण जीव मुठीत धरतो, राग आला की दातओठ खातो आणि काळजीने कपाळावर आठ्या पडतात. आपल्या भाषेने मनाचा पत्ता नेहमी शरीरातच दिला आहे. भीती, राग, काळजी निघून जातात. मूठ, जबडा आणि कपाळ मात्र कितीतरी वेळ तसेच आवळलेले राहतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

(दृश्य : जुनी प्रयोगशाळा, लाकडी टेबल, वायरींची गुंडाळी.)

1908 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एडमंड जेकबसन हा विशीतला विद्यार्थी दचकण्याचा अभ्यास करत होता. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, अंग आक्रसतं. जेकबसनला दिसलं की जी माणसं आधीच अंग पूर्ण सैल सोडून बसली होती, ती त्याच आवाजाला तशी दचकलीच नाहीत. आवाज तोच, कानही तेच, फरक होता तो फक्त स्नायूंमध्ये.

पुढे डॉक्टर झालेल्या जेकबसनने या निरीक्षणाला आपलं सगळं आयुष्य दिलं. स्नायूंमधली विजेची अतिसूक्ष्म हालचाल, व्होल्टच्या दहालाखाव्या भागाइतकी बारीक, मोजता येईल अशी यंत्रं त्याने उभी केली. त्या यंत्रांनी दाखवलेली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याला सांगायचं, 'हात उचलतोय अशी नुसती कल्पना कर.' हात जागचा हलत नाही. तरीही दंडाच्या स्नायूत विजेची बारीक लहर उमटते. म्हणजे विचार फक्त डोक्यात होत नाही. तो दंडातही होतो.

1929 साली जेकबसनने आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. मराठीत तिला क्रमाक्रमाने स्नायू शिथिल करणं म्हणता येईल.

(दृश्य : तोच हात. मनगट हळूहळू मागे वळतं.)

जेकबसनचा पहिला धडा असा असे. पाठीवर झोपा. हात शरीराच्या बाजूला, तळवे खाली. काही मिनिटं नुसतं पडून राहा. मग एका हाताचं मनगट मागे वळवा. बोटं छताकडे जातील, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीवरच राहील. आता तिथेच थांबा आणि शोधा.

मनगटापाशी ओढ जाणवेल. ती बाजूला ठेवा, ती सांध्याची आहे. हाताच्या वरच्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, एक पसरट, मंद, काहीसा अस्पष्ट ताण असतो. पहिल्यांदा तो सापडतही नाही. शोधणं म्हणजे चिमटा काढून बघणं नव्हे. दूरच्या खोलीतला आवाज ऐकायला आपण जसे कान देतो, तसं तिथे लक्ष द्यायचं. तो ताण सापडला की मनगट सोडून द्या. अलगद खाली ठेवायचं नाही, सोडायचं. पडू दे.

आता तिथे काय उरलं ते बघत राहा. ताण एकदम जात नाही. थोडा जातो, थोडा रेंगाळतो. हे रेंगाळणंच दिवसभर आपल्या अंगात असतं.

पहिल्या दिवशी एवढंच करायचं. एक हात, एक ताण. दुसऱ्या दिवशी मनगट पुढच्या बाजूला, मग दंड, मग पाय, पोट, पाठ, छाती, खांदे, मान, चेहरा. जेकबसन शिकाऊ माणसाला महिनोन्‌महिने वेळ द्यायचा. कारण त्याच्या मते शिथिल होणं ही करण्याची गोष्टच नाही. आपण नकळत जे करत होतो, ते करणं थांबवायचं असतं. सैल होण्यासाठी जोर लावला की तो जोर पुन्हा स्नायूतच जाऊन बसतो.

1950 च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी भीतीवरच्या उपचारात ही पद्धत छोटी करून वापरली. अंग खरोखर सैल असताना भीती टिकून राहू शकत नाही, असा त्यांचा विचार होता. त्यानंतर रूढ झालेली पद्धत आपल्याला जास्त ओळखीची आहे: एकेक स्नायू पाच-सात सेकंद आवळायचा, मग सोडायचा. ती सोपी आहे, वीस मिनिटांत होते, अनेकांना उपयोगी पडते. पण मी तुम्हाला मनापासून सांगेन, आवळण्यात शक्ती घालवू नका. कितीतरी जण दात घट्ट दाबतात, मुठी पिळतात आणि सोडल्याबरोबर लगेच पुढच्या स्नायूकडे वळतात. सगळं शिकणं सोडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात असतं, आणि तेच निसटून जातं.

चिंता, झोप न येणं, ताणामुळे होणारी डोकेदुखी, किमोथेरपीच्या वेळची मळमळ, अशा त्रासांत या पद्धतीचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसून आलं आहे. औषधोपचाराची जागा ती घेत नाही. दुखापत झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो भाग आवळू नका. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून जोर लावू नका. आणि डोळे मिटून अंग सैल सोडताच काही जणांना उलट धडधडायला लागतं. तसं झालं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोळे उघडा, उठून बसा, दुसऱ्या वेळी फक्त एका हातापासून सुरुवात करा.

(दृश्य : चेहरा. पापण्यांखाली बुबुळं हलताहेत.)

सगळ्यात शेवटी जेकबसन दोन जागांकडे वळायचा, डोळे आणि जीभ. आपण मनात एखादं दृश्य आणतो तेव्हा डोळ्यांचे स्नायू ते पाहिल्यासारखे हलतात. मनात बोलतो तेव्हा जीभ, ओठ आणि घसा बारीकशी हालचाल करतात. रात्री अंथरुणावर उद्याचं बोलणं मनात घोळत असेल, तर त्याच वेळी जिभेकडे लक्ष द्या. ती टाळूला चिकटलेली असेल, तिचं टोक दातांच्या मागे दबलेलं असेल. मनगट सोडलं तशी तिलाही सोडा. तोंडाच्या तळाशी पडू दे. जबडा आपोआप थोडा खाली येईल.

मनातलं वाक्य अर्ध्यावर थांबेल. काही क्षणांनी ते पुन्हा सुरू होईल, जीभ पुन्हा वर उचलली जाईल. पुन्हा सोडा.

(दृश्य : चादरीवरचा हात. अंगठा बाहेर आलेला, मनगट टेकलेलं. कॅमेरा तिथेच थांबतो.)