पापणीवर गाठ आली तर: रांजणवाडी, कॅलेझियन आणि शेकण्याची खरी पद्धत

[दृश्य: पापणीची कड, अगदी जवळून]

पुढच्या अंगाला केसांची रांग दिसते. तिच्या मागे, डोळ्याला टेकणाऱ्या बाजूला, टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रांची आणखी एक रांग आहे. ही तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात.

पापणीला आकार देणारा एक चिवट पट्टा आत असतो, त्याला टार्सल प्लेट म्हणतात. या ग्रंथी त्या पट्ट्यात शेजारी शेजारी उभ्या रोवलेल्या असतात. आपण डोळा मिटतो तेव्हा पट्टा दाबला जातो आणि किंचित तेल कडेवर येतं. ते अश्रूंवर साय धरावी तसं पसरतं, त्यामुळे अश्रू लगेच उडून जात नाहीत. निरोगी तेल शरीराच्या उबेला पातळच राहतं. ग्रंथीचं तोंड खपलीने किंवा मृत पेशींनी चोंदलं की ते आत साचतं, घट्ट होतं, आणि दाबलं तर टूथपेस्टसारखं बाहेर येतं. पापणीवरच्या बहुतेक गाठी इथूनच सुरू होतात.

[दृश्य: लाल, सुजलेली वरची पापणी]

ही रांजणवाडी. इथे जंतुसंसर्ग झाला आहे, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा. हा जंतू अनेकांच्या नाकात आणि त्वचेवर एरवीही असतो, आणि न धुतलेल्या बोटावरून पापणीवर सहज पोचतो. संसर्ग केसाच्या मुळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीत झाला तर कडेवर पिवळं तोंड धरतं. मोठ्या तेलग्रंथीत झाला तर सूज आत असते, दुखतं जास्त, आणि तोंड पापणीच्या आतल्या बाजूला दिसतं. दुखणं हीच रांजणवाडीची ओळख. हात लावला की कळ येते, एक-दोन दिवसांत सूज वाढते, आणि बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत ती फुटून किंवा जिरून जाते.

दुसरी गाठ कॅलेझियन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गारेचा खडा, आणि बोटाला ती लागतेही तशीच: गोल, टणक, कडेपासून थोडी दूर. तुंबलेलं तेल ग्रंथीतून आजूबाजूच्या ऊतीत झिरपतं. शरीराला ते परकं वाटतं, संरक्षक पेशी त्याला वेढा घालतात, आणि त्या वेढ्याचीच गाठ होते. सुरुवातीला थोडी लाली आणि दुखणं असू शकतं, पण नंतर ती दुखत नाही. तिच्यात सहसा जंतू नसतात. रांजणवाडी बरी झाल्यावर मागे राहिलेला टणक गोळाही बहुधा कॅलेझियनच असतो.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कॅलेझियनवर प्रतिजैविकाचं मलम महिनाभर लावलं तरी गाठ हलत नाही. मारायला तिथे जंतूच नसतात. तिथे अडकलंय ते तेल, आणि ते वितळवायला उष्णता लागते.

[दृश्य: पाण्याचं भांडं, स्वच्छ रुमाल, थर्मामीटर]

शेक सगळेच देतात, पण पुरेसा शेक फार थोडे देतात. तुंबलेल्या ग्रंथीतलं तेल वितळायला पापणीचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावं लागतं, आणि तिथे काही मिनिटं टिकवावं लागतं. गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो. मग माणूस दहा मिनिटं डोळ्यावर कोमट कापड ठेवून बसतो, आठवडाभर तेच करतो, आणि शेकाने काही होत नाही असं ठरवून मोकळा होतो.

पद्धत अशी. आधी हात साबणाने धुवा, डोळ्यात लेन्स असेल तर काढून ठेवा. पाणी असं गरम हवं की मनगटाच्या आतल्या बाजूला ओलं कापड ठेवलं तर छान ऊब लागेल, चटका बसणार नाही. दोन-तीन रुमाल घ्या. एक डोळ्यावर असताना दुसरा गरम पाण्यात, आणि दर दोन मिनिटांनी बदला. अशी एकूण दहा मिनिटं, दिवसातून तीन ते चार वेळा. तापवून वापरायचा डोळ्यांचा मास्क उष्णता जास्त वेळ धरतो, पण तो पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त तापवू नका. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ त्वचा आहे, ती पटकन भाजते. ओलं कापड मायक्रोवेव्हमध्ये तापवणंही टाळा, ते एका जागी सोसवेल इतकं आणि दुसऱ्या जागी कढत असतं. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेऊ नका. लहान मुलांना तर मुळीच देऊ नका, भांडं कलंडून मुलं गंभीर भाजतात.

शेकताना डोळ्यावर दाब द्यायचा नाही, कापड नुसतं टेकवायचं.

शेक झाल्यावर लगेच, तेल पातळ आहे तोवर, बोटाच्या पेराने हलकं चोळा. दिशा कडेकडे हवी: वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर. ग्रंथी उभ्या आहेत आणि त्यांची तोंडं कडेवर आहेत, आडवं चोळून तेल बाहेर येणार नाही. दहा-बारा वेळा पुरे. रांजणवाडी ठसठसत असेल तर चोळू नका, फक्त शेका.

मग कड स्वच्छ करा. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका, कापसाची काडी बुडवा आणि डोळा मिटून केसांच्या मुळांवरून हलकी फिरवा. प्रत्येक डोळ्याला नवी काडी घ्या. या शाम्पूने चुरचुरत असेल तर पापणीसाठी बनवलेले तयार ओले पुसणे (वाइप्स) वापरा.

आणि रांजणवाडी पिळू नका. पिवळं तोंड दिसलं की हात शिवशिवतात, हे खरं. पण पापणीतली ऊती सैल असते. पिळल्याने पू जितका बाहेर येतो तितकाच आत पसरू शकतो. सुईने टोचणं तर त्याहून वाईट. तोंड धरलेल्या रांजणवाडीतला एखादा केस उपटून डॉक्टर वाट करून देतात, पण ते निर्जंतुक चिमट्याने आणि नीट पाहून.

[दृश्य: औषधाचा जुना ड्रॉपर]

घरात उरलेले थेंब डोळ्यात घालण्याची सवय घातक आहे. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत कमी होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा घातले जातात, आणि काही लोकांच्या डोळ्यातला दाब नकळत वाढत जातो. रांजणवाडीत कडेला संसर्ग पसरताना दिसला तर डॉक्टर प्रतिजैविकाचं मलम देतात. पोटात घ्यायच्या गोळ्या पापणीभर संसर्ग पसरला तरच लागतात. गाठ असेपर्यंत मेकअप बंद ठेवा, आणि ती आली तेव्हा वापरात असलेला मस्कारा टाकून द्या.

काहींना गाठी पुन्हा पुन्हा येतात, कधी या पापणीला, कधी त्या. त्यांच्या पापणीची कड बघावी. केसांच्या मुळाशी कोंडा, लाली आणि सकाळची चिकट खपली असेल तर मूळ आजार ब्लेफेरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेचा दाह, आणि गाठी त्याचं फळ. प्रत्येक केसाच्या बुडाशी पारदर्शक नळकांड्यासारखं कोंड्याचं वेटोळं दिसलं तर ती डेमोडेक्स या किड्याची खूण. तो जेमतेम ०.३ मिलिमीटर लांब असतो आणि केसाच्या मुळाशी राहतो. चेहऱ्यावरचा रोझेशिया हा त्वचेचा आजारही अशा गाठींच्या मागे असतो. अशांनी गाठ गेल्यावरही दिवसातून एकदा शेक आणि स्वच्छता चालू ठेवावी लागते. थांबलं की तेल पुन्हा तुंबतं.

इतर गाठी थोडक्यात. आतल्या कोपऱ्याजवळ पिवळट, चपटा, मऊ चट्टा दिसला तर झॅन्थेलाझ्मा. तो डोळ्याला अपाय करत नाही, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, जरी अनेकांचं ते ठीकच निघतं. मोहरीएवढा किंवा त्याहून लहान पांढरा टणक दाणा म्हणजे मिलिया. पाण्याने भरल्यासारखा पारदर्शक फुगा म्हणजे घामाच्या ग्रंथीची गाठ. मधोमध खळगा असलेला मोत्यासारखा दाणा असेल तर मोलस्कम. हा विषाणूचा आजार आहे, आणि त्यामुळे डोळा कितीतरी दिवस लाल राहू शकतो.

[दृश्य: शस्त्रक्रियेचा टेबल, गोल कडीचा चिमटा]

चार ते सहा आठवडे नीट शेकूनही कॅलेझियन कमी होत नसेल तर दोन पर्याय उरतात. एक म्हणजे गाठीत ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, साधारण ०.१ ते ०.२ मिलिलिटर. ते सोपं आहे, पण सावळ्या त्वचेवर टोचल्या जागी पांढरा डाग पडू शकतो. हा धोका रुग्णाला आधी सांगायलाच हवा.

दुसरा पर्याय छोटी शस्त्रक्रिया. पापणीत भुलीचं इंजेक्शन देतात, गोल कडीच्या चिमट्यात गाठ धरतात आणि पापणी उलटतात. छेद आतल्या बाजूने आणि उभा घेतात. आतून घेतल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही, आणि उभा घेतल्याने शेजारच्या ग्रंथी आडव्या कापल्या जात नाहीत. मग छोट्या चमच्यासारख्या हत्याराने आतला ऐवज खरवडून काढतात. टाका लागत नाही. मलम लावून काही तास पट्टी बांधतात. मोठ्यांसाठी हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. लहान मूल हललं तर धोका असतो, म्हणून त्याला बहुधा पूर्ण भूल देतात. मुलाची गाठ मोठी असेल तर फार वाट पाहू नये. ती बुबुळावर दाब देऊन नजरेला वाकडा (सिलिंड्रिकल) नंबर आणते, आणि वाढत्या वयात तो डोळा मंद होऊ शकतो.

काही लक्षणं दिसली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप. सूज पापणीबाहेर गालाकडे किंवा कपाळाकडे पसरणं. डोळा फिरवताना दुखणं, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं. पापणी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. संसर्ग त्याच्या पुढे असतो तोवर सहसा गोळ्यांनी भागतं. तो मागे गेला की रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं, आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

[दृश्य: प्रयोगशाळेतली नमुन्याची बाटली]

आणखी एक धोका गाजावाजा न करता येतो. उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारं कॅलेझियन. गाठीवरचे पापणीचे केस गळणं. कड खडबडीत होणं, व्रण पडणं, रक्त येणं. एकाच डोळ्याचा ब्लेफेरायटिस, जो कशानेच बरा होत नाही. तेलग्रंथीचा कर्करोग हुबेहूब अशी रूपं घेतो. दुखत नाही म्हणून तो दुर्लक्षिला जातो. अशी गाठ नुसती खरवडून सोडून देत नाहीत, तिचा तुकडा तपासणीला पाठवतात, आणि कर्करोगाची शंका आहे हे नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहितात.

गाठ त्याच जागी आली की शेजारी, हे आठवणीवर सोडू नये. डॉक्टर हमखास विचारतात, आणि सहा महिन्यांनी कुणालाच नक्की सांगता येत नाही. गाठ आली त्या दिवशी उजेडात, डोळा मिटून, एक फोटो काढा. तारीख लिहा, उजवा की डावा, वरची पापणी की खालची, नाकाकडची बाजू की कानाकडची. आठवड्याने त्याच अंतरावरून दुसरा फोटो काढा. तपासणीला जाताना दोन्ही दाखवा.