देव पायरीच्या या बाजूला

(महाद्वार, पहाटेची गर्दी)
पंढरपूरच्या महाद्वारातली ही नामदेव पायरी. इथे माथा टेकवायचा, पाय ठेवायचा नाही. पितळी मुखवट्यावर बुक्का, वर तुळशीची माळ. आणि पायरीसमोर, रस्त्याच्या कडेला, ही चोखोबांची समाधी. चोखोबा म्हणजे संत चोखामेळा, जातीनं महार. जिवंतपणी या पायरीच्या पुढे जायची त्यांना मुभा नव्हती.

(मंगळवेढा, ज्वारीची रानं)
चोखोबांचा संसार मंगळवेढ्याचा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. सगळं घर गावकुसाबाहेर राहणारं, आणि सगळं घर विठ्ठलाशी बोलणारं.

(चंद्रभागेचं पात्र, होड्या)
देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला, म्हणून बडव्यांनी, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांनी, त्यांना मारलं. मार खाताना त्यांनी हाक कुणाला घातली, ते त्यांच्याच शब्दांत ऐका: ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद। बडवे मज मारिती, ऐसा काही तरी अपराध॥’ यात दयेची याचना नाही, उलट देवालाच हटकणं आहे. अपराध कोणता तो सांग, आणि लवकर ये.

देव आला कसा, ते संतचरित्रकार महिपतींनी ‘भक्तविजय’ ग्रंथात सांगितलंय. चोखोबा तेव्हा पंढरपुराजवळ, चंद्रभागेपलीकडे राहत होते. एके दिवशी विठ्ठल त्यांच्याकडे जेवायला बसले. वाढता वाढता सोयराबाईंच्या हातून दही सांडलं. ‘अगं, देवाच्या पीतांबरावर पडलं!’ चोखोबा म्हणाले. जवळून एक बडवा चालला होता. त्याला देव दिसला नाही, दिसला तो फक्त महार, देवाचं नाव घेऊन बोलणारा. त्यानं चोखोबांच्या तोंडात मारली. मग शिवाशिव झाली म्हणून नदीत आंघोळ केली आणि सोवळ्यानं देवळात गेला.

(काळ्या पाषाणाचे खांब, गाभाऱ्याकडे जाणारी वाट)
गाभाऱ्यात पाहतो तर पीतांबरावर दही, आणि देवाचा गाल सुजलेला.

बडव्याच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर ज्याची पूजा केली त्याच्यावरच आपला हात पडला होता. तो तसाच नदीपलीकडे धावला, चोखोबांच्या पाया पडला आणि त्यांना हाताला धरून देवळात घेऊन आला. वारकऱ्यांनी ही कथा शतकानुशतकं जपली, कारण देव कुणाच्या पंक्तीला बसतो याचं उत्तर तिच्यात आहे. मारणाऱ्याच्या नाही, मार खाणाऱ्याच्या.

(मंगळवेढा, जुन्या भिंतीचे दगड)
1338 मध्ये मंगळवेढ्याचं कुसू बांधताना भिंत ढासळली. मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. ज्या कुसाबाहेर जन्म गेला, तेच उभारताना. नामदेव महाराज तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक कानाशी धरली. ज्यांतून ‘विठ्ठल, विठ्ठल’ ऐकू आलं ती चोखोबांची, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या अस्थी नामदेवांनी इथे, महाद्वारात आणल्या.

(साने गुरुजींचं छायाचित्र)
देऊळ मात्र बंदच राहिलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा अस्पृश्यांना दार उघडलं. त्या वेळी, देव बाटेल म्हणून, काही सनातन्यांनी देवाचं तेज घागरीत काढून घेतलं, असं सांगतात. इतकी भीती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि मंदिर समितीनं पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.