वेळेआधी पिकलेलं

(दृश्य : पहाट. रावेर तालुका, केळीची बाग. ठिबकच्या नळ्या, पानांवरून ओघळणारं दव. वडील विळ्यानं पिलं कापताहेत.)

केळीच्या बुंध्याशी सारखी पिलं फुटतात. सगळी राहू दिली तर घड भरत नाही. म्हणून पंधरा-वीस दिवसांनी विळा घेऊन बागेत शिरायचं आणि पिलं जमिनीलगत छाटायची. कोणतं काढायचं आणि पुढच्या बागेसाठी कोणतं ठेवायचं, हे या हातांना विचार न करता कळतं.

मागून चालतेय ती त्यांची मुलगी. गावात तिला कुणी डॉक्टर म्हणतं, कुणी नुसतं ताई. डॉक्टर असून गोळ्या देत नाही, हे काही गावाच्या अजून पचनी पडलेलं नाही. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांच्या मेंदूवर काम करते. नाव घ्यायचं नाही, या अटीवर तिनं कॅमेरा घरात येऊ दिला.

(वडिलांचा आवाज : "काय व माय, उंदराच्या डोक्यात काय पायते तू?" ती हसते. इथे निवेदन नाही, विळ्याचा आवाज चालू द्यावा.)

(दृश्य : ओसरी. ती पाटीवर खडूनं दोन झाडं काढतेय, फांद्या एकमेकींकडे झुकलेल्या, पण टेकलेल्या नाहीत.)

ती पाहते ती ही मधली फट. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात ती जागा म्हणजे सिनॅप्स. मराठीत चेतासंधी. पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून दाखवायला सुरुवात केली. सिनॅप्स हे नाव १८९७ मधलं, चार्ल्स शेरिंग्टन यांनी दिलेलं. फट स्वतः मात्र दिसत नव्हती. तिची रुंदी साधारण २० नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या काही हजार पट जाड असतो. ती डोळ्यांनी बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, म्हणजे १९५० चं दशक उजाडावं लागलं.

(दृश्य : प्रयोगशाळा, तिनंच मोबाईलवर घेतलेलं चित्रण. थंड द्रावणात थरथरणारं पातं. पाकळीसारखा काप तरंगत वेगळा होतो.)

हे चित्रण थोडं हलतं, पण कापायचा मोह आम्हाला आवरला. उंदराच्या मेंदूचा हा काप. जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मेंदू बाहेर काढल्यावर हात भराभर चालावे लागतात. काप लगेच मिठाच्या द्रावणात जातो, ज्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सतत सोडलेले असतात. एवढी बडदास्त ठेवली तर काप पुढचे काही तास जिवंत राहतो. चेतापेशी आपसात बोलत राहतात.

आता काचेची नळी. तापवून दोन्हीकडून ओढली की तिचं टोक एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या, आसपास बारीक होतं. मायक्रोस्कोपखाली हे टोक एका पेशीला टेकवायचं आणि हलकेच ओढ द्यायची, पेशीचं आवरण टोकाला घट्ट चिकटेपर्यंत. पद्धतीचं नाव पॅच क्लॅम्प. १९७६ मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी ती मांडली, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चिकटलं तर पडद्यावर पेशीतल्या विजेच्या प्रवाहाची रेघ उमटते. नाही चिकटलं तर नवी नळी, नवी पेशी. कधी अख्खा दिवस असाच जातो. रेघेतला प्रत्येक छोटा खड्डा म्हणजे एका सिनॅप्सवर आलेला एक निरोप.

(दृश्य : रेघ. पंधरा सेकंद. निवेदन नाही.)

(दृश्य : पुन्हा बाग. छाटलेल्या पिलांचा ढीग.)

बाळाच्या मेंदूतही आधी भरमसाठ फुटवे येतात. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागातले सिनॅप्स मोजून दाखवले. एक ते दोन वर्षांच्या मुलात त्यांची दाटी मोठ्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त. पुढे छाटणी होते. जे वापरात येतात ते टिकतात.

(दृश्य : शेताच्या कडेला माल भरणं चालू. फण्या, टब, ट्रक.)

घड कापला जातो हिरवा, टणक असतानाच. गाडी उत्तरेला जायची असते, दोन-तीन दिवसांची वाट. पिवळटलेला घड दिसला की टोळीतला माणूस तो बाजूला टाकतो. एक पिकला की त्यातून सुटणाऱ्या वायूनं शेजारचेही पिकतात.

ताईचं काम नेमकं इथे येतं. सिनगॅप-१ हे जनुक. त्याचं प्रथिन सिनॅप्सवर ब्रेकसारखं बसलेलं असतं. जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बिघडली की प्रथिन निम्मं होतं. मग काय होतं, ते २०१२ मध्ये उंदरांत दिसलं : पिल्लाच्या मेंदूतले सिनॅप्स वेळेआधी पक्व होतात. शिकायच्या वयातच जोडण्या थिजतात आणि मेंदूतला संदेशांचा गलबला वाढतो. माणसात या बिघाडाचा बौद्धिक वाढ खुंटण्याशी असलेला संबंध २००९ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लावला. अशा मुलांना बोलायला उशीर होतो, बौद्धिक वाढ मागे राहते, बहुतेकांना फिट येतात, अनेकांत स्वमग्नतेची लक्षणं असतात.

केळ्याची ही उपमा आमची. ताईला ती अर्धीच मान्य आहे. तिचं म्हणणं, केळं पिकलं की त्याचं संपलं, सिनॅप्स पुढे आयुष्यभर चालतो. तिचा मुद्दा बरोबर. आम्ही ट्रकची दृश्यं तरीही ठेवली.

(दृश्य : जळगाव. विशेष मुलांची शाळा. झोका. नऊ वर्षांचा एक मुलगा बाटलीची झाकणं रंगानुसार लावतोय. भिंतीलगतच्या बाकावर आई.)

या वर्गातल्या मुलांचे विकार वेगवेगळे आहेत. बाकांवरच्या आयांनी ऐकलेली वाक्यं मात्र जवळपास सारखी. पोटात असताना ग्रहण पाहिलं असशील. मोबाईल दिला असशील. लक्ष दिलं नाहीस.

सिनगॅप-१ च्या बहुतेक मुलांत हा बदल आईकडूनही आलेला नसतो आणि वडिलांकडूनही. तो त्या मुलात नव्यानं झालेला असतो. हे वाक्य ताईनं त्या बाकावर बसून तीनदा सांगितलं, दोनदा मराठीत, एकदा अहिराणीत.

(दृश्य : आईचा चेहरा. आवाज फक्त झोक्याचा. कापू नये.)

(दृश्य : अंगणवाडी. वजनकाटा, पथकाची गाडी.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा, आणि त्यात वाढीतला उशीरही पाहायचा. ही नजर जितकी लवकर पडेल तितकं बरं. २०१२ च्याच प्रयोगात मोठ्या झालेल्या उंदरांचं जनुक दुरुस्त केलं, तेव्हा त्यांच्या शिकण्यात सुधारणा दिसली नव्हती. २०१९ च्या कामात मोठ्या उंदरांतही काही गोष्टी सुधारल्या. दार पूर्ण बंद नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं.

भारतातल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधल्या मेंदूच्या वाढीच्या विकारांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद, उत्तर गोवा. महाराष्ट्रातलं एकही ठिकाण त्यात नव्हतं. तापीकाठची मुलं मोजायला कुणीतरी यायला हवं.

तपासणीत सापडलेल्या मुलाचं नाव नोंदलं की थेरपीच्या तारखा मिळतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी घरच्यांची.

(दृश्य : रात्र. भुसावळ स्टेशन. कर्नाटक एक्सप्रेसची घोषणा. वडील पिशवीत एक फणी ठेवताहेत.)

फणी त्यांनी मुद्दाम रंग सुटायला आलेली निवडली आहे. ते म्हणतात, बंगळुरूला उतरेपर्यंत खायला येईल. ती फणी दिव्याखाली धरून बघते आणि म्हणते, अजून दोन दिवस लागतील. गाडी येईस्तोवर हा वाद चालू होता.